आम्ही गेंडे वाचवले त्याची हकीकत

बुऱ्हाणपुरात गेंडा कधी कोणी पाहिला नव्हता. तरी गेंडे वाचवण्याचं काम आमच्या घरून झालं, आणि त्याच कामावर माझ्या नवऱ्याची नोकरी कायम झाली. हे सगळं मला ठाऊक आहे, पण मी कोणाला सांगितलेलं नाही. बोलण्यात मी पहिल्यापासून कच्ची. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी चुलीपाशी काम काढते. वहीची मात्र भीती वाटत नाही. वही मध्येच काही विचारत नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत, माहेरी देडतलाईला. आमचे गुरुजी गणिताकडे काणाडोळा करायचे, अक्षराकडे नाही. त्यामुळे हिशेबात मी अजून बोटं मोजते, पण अक्षर माझं छापल्यासारखं आहे. लग्न होऊन बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात आले तेव्हा हे अक्षर कोणाच्या उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. ते यांच्या उपयोगी पडलं. हे कचेरीत कारकून होते आणि यांचं अक्षर असं, की यांनी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी यांनाच लागत नसे. मग कचेरीचे कागद घरी येऊ लागले. हे मजकूर करायचे, मी स्वयंपाक आवरून दुपारी त्याची स्वच्छ नक्कल काढायची. कचेरीत सगळे यांच्या अक्षराची तारीफ करायचे आणि हे मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

घरात आम्ही तिघंच. सासूबाई, हे आणि मी. भाड्याच्या दोन खोल्या आणि पुढे ओटा. यांची नोकरी हंगामी होती. तीन महिन्यांची मुदत, ती संपली की पुन्हा तीन महिने. त्यात ते दिवस राज्यं मोडून नवी होण्याचे. आमचं राज्य नागपूरचं होतं, ते जाऊन भोपाळचं होणार होतं. शनवाऱ्याच्या चौकात लोक त्यावर तावातावानं बोलायचे, कोणी म्हणे आपण मराठी, आपल्याला खानदेशात घाला, कोणी म्हणे इथेच बरं आहे. आमच्या घरात वाद एवढाच, की नवं राज्य आलं म्हणजे हंगामी माणसं आधी काढणार, अशी कचेरीत बोलवा होती. जेवताना यांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच राहायची.

"खाय रे भाऊ," सासूबाई म्हणायच्या. "भोपाळवाले तुझी भाकर मोजाले येत नाही अजून."

अशात श्रावणात वरून एक पत्रक आलं. रानातली जनावरं कमी होत चालली आहेत, तरी प्रत्येक ठिकाणी एक आठवडा पाळावा, कमिटी नेमावी, एखादा प्राणी निवडून त्याच्या रक्षणाची योजना करावी आणि लोकांकडून निधी गोळा करावा, असं त्यात होतं. यांच्या साहेबांनी पत्रक मनावर घेतलं. त्यांनाही वर जायचं होतं. त्यांनी कमिटी नेमली आणि चिटणीस म्हणून यांना घेतलं, कारण अक्षर चांगलं. जाता जाता ते यांना म्हणाले, "ये काम ठीक से कर दो, फिर तुम्हारा भी देखते हैं." हे घरी आले ते ओट्यावरूनच आईला हाक मारत आले. ते एक वाक्य यांनी त्या संध्याकाळी आम्हाला तीनदा सांगितलं.

कमिटीच्या पहिल्या बैठकीत प्राणी निवडायचा होता. आमच्या बाजूच्या रानात तेव्हा वाघ होते, अस्वलं होती, सांबर होतं. कोणी तरी वाघ सुचवला. पण वाघ साहेब स्वतः मारत. पाहुणे आले की खकनारच्या बाजूला मचाण बांधलं जाई. सांबर म्हणावं तर जिनिंगवाल्या शेठच्या दिवाणखान्यात सांबराची चार शिंगं टोपी अडकवायला होती, आणि निधीला मोठा आधार शेठचाच. हरणं, डुकरं केळीची नासधूस करतात, त्यांना वाचवा म्हटलं तर कमिटीतले शेतकरी उठून गेले असते. मग साहेबांनीच सांगितलं, की ते पूर्वी पूर्वेकडे नोकरीला असताना त्यांनी आसामात हत्तीवर बसून गेंडा पाहिला होता, आणि बिचारा फार थोडा उरला आहे. गेंड्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. तो कोणाच्या केळी खात नव्हता, कोणाच्या दिवाणखान्यात नव्हता. गेंडा एकमतानं मंजूर झाला.

हे घरी येऊन सांगू लागले तेव्हा सासूबाई वाती वळत होत्या. त्यांनी विचारलं, "तो राहतो कुठं?"

"आसामात. लांब आहे. आगगाडीनंसुद्धा चार दिवस."

"मंग त्याले वाचवाले तुम्ही जाणार?"

"आपण इथून वाचवायचा, आई. योजना करून."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं.

योजना लिहायला यांनी दोन रविवार घेतले. साहेबांनी काही टिपणं दिली होती, ती पुढे ठेवून हे मोठ्यानं मजकूर म्हणायचे आणि आम्ही दोघी ऐकायचो. गेंडा नदीकाठच्या उंच गवतात राहतो. गवत खातो, चिखलात लोळतो. पावसाळ्यात नदीला पूर येतो आणि सगळं कुरण पाण्याखाली जातं. त्याच्या नाशाचं पहिलं कारण, माणसाला असलेला त्याच्या शिंगाचा लोभ.

"पूर आल्यावर जातो कुठं मंग तो?" सासूबाईंनी मध्येच विचारलं.

"ते दिलं नाही यात."

"तापीला पूर येतो तवा आपले लोक ढोरं टेकाडावर नेतात. त्याले टेकाड नसलं तर तो रस्त्यावर येईल, नी लोक मारतील. माती टाकून टेकाडं करा म्हणा त्याले."

यांना ते पटलं. यांनी टेकाडांचं कलम घातलं. साहेबांनी ते लाल शाईनं खोडलं, गेंड्यासाठी मातीकाम हास्यास्पद दिसेल म्हणून. त्याऐवजी प्रभातफेरी घातली. फार वर्षांनी मी वर्तमानपत्रात वाचलं, की आसामात गेंड्यांसाठी खरोखरच मातीची उंच टेकाडं बांधली आहेत आणि पुरात ती त्यांना उपयोगी पडतात. तेव्हा सासूबाई नव्हत्या. असत्या तरी त्यांना नवल वाटलं नसतं.

योजना झाली, पण निधी जमेना. हे कमिटीच्या माणसांबरोबर दारोदार फिरले. लोक पाणी देत, चहा देत, गेंड्याची चौकशी करत. तो दूध देतो का, असं एका बाईनं विचारलं. हे म्हणाले, देतो, पिल्लांना. ती म्हणाली, मग पिल्लांकडून घ्या. साहेबांचं तोंड दिवसेंदिवस लहान होऊ लागलं आणि यांच्या ताटात उरलेला भाकरीचा तुकडा मोठा.

आता एका पात्राचं सांगते.

आमच्या देवघरात वरच्या फळीवर, लाल कपड्यात गुंडाळलेलं, गेंड्याच्या शिंगाचं एक पात्र होतं. ओंजळीएवढं, काळसर, एका बाजूला निमुळतं. पितरांना त्यातून पाणी दिलं म्हणजे ते शंभर पिढ्यांना पोचतं, असं आमच्याकडे मानतात. सासऱ्यांच्या आजोबांनी ते काशीहून आणलं होतं. वर्षातून पितृपक्षातच ते खाली उतरे. ते धुऊन, तेलाचं बोट फिरवून, पुसून ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. गावात अशी वस्तू दुसऱ्या कोणाकडे नव्हती, त्यामुळे हंगामी कारकुनाच्या घराला थोडी किंमत होती.

त्या वर्षी पितृपक्षात यांनी तर्पण केलं आणि हातातल्या पात्राकडे बघत बसले. मग म्हणाले, "साहेबांना दाखवायला हवं हे. गेंड्याची वस्तू गावात आहे, हे त्यांना ठाऊकच नाही."

साहेबांनी पात्र पाहिलं आणि त्यांना कल्पना सुचली. पत्रकातल्या त्या आठवड्याच्या शेवटी शाळेच्या पटांगणात प्रदर्शन भरवायचं आणि त्यात या पात्राचा लिलाव करायचा. येणारा सगळा पैसा गेंड्याला. यांना आधी बरं वाटलं नाही. बापजाद्यांची वस्तू. पण साहेब म्हणाले, "त्याग तो सेक्रेटरी से ही शुरू होना चाहिए," आणि पुढे म्हणाले की शिफारशीचा कागद ते लिलावानंतर लगेच वर पाठवतील. हे घरी येऊन आईसमोर बसले. सासूबाईंनी देवघराच्या फळीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दे. नोकरी राहिली तर तांब्याच्या पळीतूनही पाणी पोचते."

गेंड्याला वाचवण्यासाठी गेंड्याचंच शिंग विकायचं, यात काही चुकतं आहे असं कमिटीत एकालाही वाटलं नाही. मला वाटलं, कारण 'शिंगाचा लोभ' हे शब्द मी माझ्या हातानं तीन प्रतींत लिहिले होते. पण मी कमिटीत नव्हते.

प्रदर्शनात लावायला साहेबांनी गेंड्याची आणखी माहिती लिहून दिली. तिची मोठ्या अक्षरात नक्कल काढायला मी दुपारी बसले. त्यात होतं, की गेंड्याचं शिंग गाई-म्हशीच्या शिंगासारखं आतून पोकळ नसतं. ते भरीव असतं, केस घट्ट दाबून बसवावेत तसं.

मी टाक खाली ठेवला.

माझ्या माहेरी ढोरांना औषध पाजायला रेड्याचं शिंग असे. वरचं टोक कापलेलं, आत गुळगुळीत, टोकाकडे अरुंद होत गेलेलं. लहानपणी ते धुवायचं कामही माझ्याकडेच होतं. आमच्या पात्राच्या आत बोट फिरवताना दरवर्षी मला माहेरची आठवण का येते, ते त्या दुपारी मला कळलं. मी पात्र खाली काढलं, उन्हात धरलं. काठ पातळ, त्यातून पिवळसर उजेड दिसत होता, आणि एका जागी कांद्यासारखा पापुद्रा सुटला होता. केसाचं नाव नाही. कोरून पोकळ केल्याची खूणही नाही. जन्मतःच पोकळ.

सासूबाई ओट्यावर होत्या. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आई, हे रेड्याचं आहे."

मला वाटलं होतं त्या रागावतील. त्यांनी गल्लीत कोणी नाही ना ते पाहिलं आणि आत चल म्हणाल्या.

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मीच करवलं ते."

मग त्यांनी सांगितलं. त्यांना यांच्या आधी दोन मुलं झाली, मुलगा आणि मुलगी. गेंड्याचं शिंग उगाळून दिलं की ताप उतरतो, असं तेव्हा सगळेच सांगत. मुलगा तापानं फणफणला तेव्हा त्यांनी सासऱ्यांच्या नकळत पात्र उतरवलं आणि सहाणेवर उगाळलं. रोज पाच वेढे, मग दहा. तो गेला. मुलगी आजारी पडली तेव्हा पुन्हा उगाळलं. तीही गेली. यांच्या वेळी त्यांचा धीर सुटला. हे जरा शिंकले की सहाण बाहेर. हे जगले. पण तोवर पात्राचं बूड झिजून भोक पडलं होतं. पितृपक्ष तोंडावर आला होता. शनवाऱ्यात एक फणीवाला होता, रेड्याच्या शिंगाच्या फण्या करायचा. त्याला जुनं पात्र दाखवून हुबेहूब तसं करून घेतलं आणि उरलेला तुकडा तापीत सोडला. पुढे सासऱ्यांनी जन्मभर त्यातूनच पितरांना पाणी दिलं. सासरे गेल्यावर त्यांना मुलानं त्यातूनच दिलं.

"पितरांना काही कळलं नसेल?" मी विचारलं.

"रेडा यमाच्या घरचाच नं. त्याहिले ओळखीचाच वाटला असेल."

मग त्या गंभीर झाल्या. "हे तू पोटात ठेव. त्याले कळलं तर तो साहेबाले सांगून टाकेल. तसा तो भोळाच आहे. मंग लिलाव गेला, साहेब गेला, नी तीन महिने संपले की आपण गेलो."

पोटात ठेवायला मला कधी शिकावं लागलं नाही. पण त्या वेळी पहिल्यांदा मला त्याचं ओझं वाटलं. गेंड्याची माहिती मी पूर्ण लिहिली. शिंग भरीव असतं, हे वाक्य मात्र जरा बारीक काढलं. ते कोणी वाचलंही नाही.

प्रदर्शनाला गाव लोटलं होतं. पाटीवर गेंड्याचं चित्र लावलं होतं. ते काढणाऱ्या पेंटरनं गेंडा पाहिला नव्हता, म्हणून त्यानं घरची म्हैस समोर बांधून ती काढली आणि शिंगं पुसून नाकावर एक शिंग उभं केलं. डोळे मात्र म्हशीचेच राहिले, शांत आणि दुधाळ. आम्ही बायका कनातीच्या मागे बसलो होतो. मखमलीवर आमचं पात्र ठेवलं होतं. साहेबांनी भाषण केलं. मग बोली लागली. जिनिंगवाले शेठ आणि एक ठेकेदार यांच्यात जुंपली. दोघांचे वडील एकाच वर्षी वारले होते, आणि कोणाच्या बापाला गेंड्याच्या शिंगातून पाणी मिळणार, एवढाच प्रश्न होता. शेठनं बाजी मारली. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "तुमच्या घरची वस्तू गेली, वाईट वाटत असेल." मी मान हलवली. शेठच्या घरी एखादा जाणता भटजी किंवा वैद्य आला आणि त्यानं पात्र उन्हात धरलं, की यांची नोकरी संपली, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पुढच्या आठवड्यात तीन घरची माणसं यांच्याकडे येऊन गेली. अशी वस्तू आणखी कुठे मिळेल, कलकत्त्याला लिहिलं तर येईल का, म्हणून विचारत होती. ठेकेदारानं तर माणूसच पाठवला म्हणे. हे साहेबांना सांगायला गेले, तर साहेब खूश झाले. म्हणाले, याला जागृती म्हणतात.

निधी वर पाठवला. तो वर पोचेपर्यंत वरचं राज्यच बदललं. यांची मुदत पुन्हा तीन महिने वाढली. शिफारशीचा कागद नागपूरकडे गेला होता, तो भोपाळकडे वळला, आणि वाटेत कुठे बसला ते कळेना. मग थंडीत एक दिवस निधीच परत आला. बरोबर पत्र होतं, की ज्या हद्दीत निधी जमला त्याच हद्दीत तो गेंड्यांच्या रक्षणावर सरकारी वर्ष संपायच्या आत खर्च करावा आणि तसा अहवाल द्यावा. कामाचा अहवाल चांगला आला तर संबंधितांचा विचार होईल.

आता गेंड्याचा पैसा बुऱ्हाणपुरात खर्च करायचा होता. कमिटी पुन्हा बसली. शेवटी पाट्या करायच्या ठरल्या. त्याच पेंटरला बोलावलं. 'गेंड्याची शिकार करणे गुन्हा आहे' असा मजकूर, मराठीत आणि हिंदीत, पेंटरला उतरवायला अक्षरं माझी. वर ती म्हैस. एक पाटी तापीच्या घाटावर लागली, एक गावाच्या मोठ्या दरवाज्याशी, बाकीच्या रानाच्या रस्त्यांना. घाटावर बायका त्या पाटीखाली धुणं आपटायच्या. एक म्हातारी रोज येता-जाता चित्राला हात जोडायची.

अहवाल गेला. साहेबांनी यांना सांगितलं की आता फार दिवस नाहीत. आमच्या घरात त्या काळात कोणी मोठ्यानं बोलतही नव्हतं.

आणि तेव्हाच शेठ आले.

दुपार होती, हे कचेरीत होते. शेठ एकटेच आले, हातात रेशमी रुमालात काही तरी. मी पदर ओढून दाराच्या आड झाले. ते ओट्यावर सासूबाईंपुढे बसले. एरवी बोलणारा माणूस, पण आवाज बसलेला होता.

"माँजी, नात आजारी आहे. आठ दिवस झाले, बुखार उतरत नाही. घरचे म्हणतात, गेंड्याचं शिंग उगाळून द्या. तुमच्या घरची चीज आहे, तुम्हालाच माहीत. पाण्यात उगाळायचं का दुधात? वेढे किती?"

रुमाल सोडून त्यांनी पात्र खाली ठेवलं. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या आणि आतून सहाण घेऊन आल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी सहाण मांडली, पाण्याचं भांडं ठेवलं, पात्र हातात घेतलं आणि तशाच बसून राहिल्या. हात हलेना.

"डॉक्टरले दाखवलं?" त्यांनी विचारलं.

"दवाखान्यात नेलं तर सुई टोचतील, बायका ऐकत नाहीत. आधी हे करून बघू म्हणतात."

मी बाहेर आले. कशी आले ते आठवत नाही. परक्या पुरुषाशी मी तोवर बोलले नव्हते. मनात एकच होतं, की मी खरं सांगितलं तर यांचा अहवाल, यांची शिफारस, सगळं गेलं. आणि तरी मी बोलत होते.

"शेठजी, हे गेंड्याचं नाही. रेड्याचं शिंग आहे. पोरीला दवाखान्यात न्या."

शेठ माझ्याकडे पाहत राहिले. मग सासूबाईंकडे. सासूबाईंनी पात्र सहाणेवर ठेवून दिलं.

"खरं होतं तवाही दोघं गेली माझी," त्या म्हणाल्या. "ते उगाळण्यात दिवस गेले, नी दिवसांत पोरं गेली. ने तिले."

मी दाराची कडी धरून उभी होते. शेठ ओरडतील, साहेबांकडे जातील, असं वाटत होतं. त्यांनी विचारलं, "और कौन जानता है?"

"आम्ही दोघीच," सासूबाई म्हणाल्या.

"भैय्या?"

"त्याले माहीत नाही."

"ठेकेदार?"

"नाही."

हे ऐकल्यावर त्यांच्या खांद्यांतला ताण उतरला, हे मी पाहिलं. त्यांनी पात्र पुन्हा रेशमी रुमालात बांधलं, आणलं होतं त्याहून जास्त जपून. "बाबूजींच्या श्राद्धाला खंडव्याहून लोक आले होते हे बघायला," ते म्हणाले. "मग मलाही माहीत नाही." आणि चपला घालून भरभर निघाले.

पोरीला मोतीझऱ्याचा ताप होता. दवाखान्यात ठेवली, सुया टोचल्या, औषधं दिली, आणि ती बरी झाली. पण शेठच्या घरच्या बायकांना शेठनं काय सांगितलं कोण जाणे. गावभर झालं, की गेंड्याच्या शिंगाचं पाणी दिलं आणि पोर उठून बसली. पात्राची कीर्ती दुप्पट झाली. ठेकेदार म्हणे तापानं आजारी पडल्यासारखाच झाला.

त्याच महिन्यात यांचा हुकूम आला. कायम. साहेबांची शिफारस त्याला जोडली होती आणि यांनी ती आम्हाला वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं, की सदर कर्मचाऱ्याच्या परिश्रमामुळे योजना सुरू झाल्यापासून या हद्दीत गेंड्याची एकही शिकार झालेली नाही. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. त्या रात्री यांनी पूर्ण भाकरी खाल्ली आणि आणखी मागितली. साहेबांचीही बढती झाली. ते बदलून गेले, पण त्यांच्या जाण्याआधी खकनारला एक शेवटचा वाघ पडला.

सासूबाई त्यानंतर सहा वर्षं होत्या. त्यांच्या वर्षश्राद्धाआधी हे मला म्हणाले, "आईला तांब्याच्या पळीतून पाणी द्यायचं मनाला लागतं. शेठकडून एक दिवसापुरतं पात्र मागून आणतो. माझ्या नोकरीसाठी तिनं ते सोडलं."

मी यांना तेव्हाही काही सांगितलं नाही. पण यांना जावंच लागलं नाही. यांनी आधी धाडलेला निरोप पोचताच श्राद्धाच्या सकाळी शेठ स्वतः पात्र घेऊन आले. म्हातारे झाले होते, काठी होती हातात. हे स्नानाला गेले होते, म्हणून त्यांनी रुमाल माझ्याच हातात दिला. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत होतं.

"संभालके, भाभी," ते म्हणाले. "गेंड्याचं आहे."

मी ते आत नेलं, धुतलं, तेलाचं बोट फिरवलं आणि यांच्या पाटासमोर ठेवलं.